परतफेड कोणी करायची?

कसबा पेठेत तांबट आळीजवळ, एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी स्पर्धा परीक्षेचा छोटा क्लास घेतो. मी स्वतः राज्यसेवेला पाच वेळा बसलो, दोनदा मुलाखतीपर्यंत गेलो, यादीत एकदाही आलो नाही. क्लासमध्ये मुलांना उभारी द्यायची असली की मी चंद्रकांत पंडित यांची गोष्ट सांगत असे.

गोष्ट आहेच तशी. पंडित मुंबईचे यष्टीरक्षक-फलंदाज, आचरेकर सरांचे शिष्य. भारताकडून पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळले. पुढे मध्य प्रदेशकडे गेले. १९९८-९९च्या रणजी अंतिम सामन्यात ते संघाचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती, म्हणजे सामना अनिर्णित राखला तरी करंडक त्यांचाच. तो त्यांनी ९६ धावांनी गमावला. २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं, तेव्हा पंडित प्रशिक्षक होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनी पाहिलं. वर्तुळ पूर्ण झालं, असं सगळीकडे छापून आलं.

दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी चौथ्या अटेम्प्टनंतर म्हणाला, "सर, आता बास करतो. मामाच्या दुकानात बसतो." मी त्याला तासभर समजावलं. पंडितांची गोष्टही सांगितली. तेवीस वर्षं थांबला हा माणूस, तू चार वर्षांत कंटाळलास? तो म्हणाला, "पण सर, ते कुठे परत खेळले? खेळली ती पोरं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून ती गोष्ट मला पूर्वीसारखी सांगता आलेली नाही.

त्या अंतिम सामन्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतकं काढली. ती १९९९च्या पराभवाची फेड म्हणून काढलेली नव्हती. ती त्यांची स्वतःची होती. आणि १९९९मध्ये पंडितांबरोबर हरलेल्या बाकीच्या दहा जणांचं वर्तुळ कोणी पूर्ण केलं? आपल्याला गोष्ट आवडते म्हणून आपण एका माणसाच्या खात्यात दुसऱ्यांची कमाई जमा करतो. इटलीचा रॉबेर्तो मान्चिनी १९९२मध्ये वेम्ब्लीवर साम्पदोरियाकडून युरोपियन कप हरला आणि २०२१मध्ये वेम्ब्लीवरच प्रशिक्षक म्हणून युरो जिंकला. त्याचीही गोष्ट जगाने अशीच सांगितली.

२०२२च्या त्या सामन्यात समोरच्या बाजूला कोण होतं, ते आपण विसरतो. मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. त्या दिवशी ते हरले. समजा, पुढेही हरतच राहिले असते, तर त्यांचं शिकवणं कमी प्रतीचं ठरलं असतं का? नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि लगेच त्यांच्याही आयुष्याला अर्थ मिळाल्याचं आपण जाहीर करून टाकलं. पण ते अकरा हजार धावा काढत होते तेव्हा त्या धावांना अर्थ होताच.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 'नैतिक दैव' अशी एक कल्पना मांडली आहे. माणसाने घेतलेला निर्णय योग्य होता की नाही, हे कधी कधी पुढच्या यशापयशावर ठरतं, आणि ते यश तर त्याच्या हातात नसतं. पंडितांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध आहे. करंडक आला की तिला तपश्चर्या म्हणतात, नाही आला की जाच. मी त्या मुलाला थांबवलं असतं आणि तो पास झाला असता, तर मी द्रष्टा गुरू ठरलो असतो. नापास झाला असता तर किंमत त्याने मोजली असती, मी नाही.

इथेच फरक आहे. हरलेल्या माणसाला काही गोष्टी जिंकलेल्यापेक्षा जास्त कळतात: मुलाखतीत जीभ कुठे अडखळते, निकालानंतरचा महिना कसा जातो. ते मुलांना द्यायलाच हवं. पण आपलं हरणं त्यांच्या डोक्यावर कर्ज म्हणून ठेवायचा हक्क आपल्याला नाही. मी त्या तासभरात नेमकं काय करत होतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा सहावा अटेम्प्ट त्याच्याकडून देऊन घेत होतो.

आता पहिल्या दिवशी मी माझे पाचही निकाल फळ्यावर लिहितो. मग प्रत्येकाला एका चिठ्ठीवर तारीख लिहायला सांगतो, कधी थांबणार याची. चिठ्ठ्या माझ्या कपाटात असतात. तारीख आली की चिठ्ठी परत द्यायची आणि गप्प बसायचं.

या महिन्यात एका मुलीची तारीख आहे. मागच्या वेळी तिचं तीन मार्कांनी गेलं. पुढच्या वेळी तिचं नक्की होईल असं मला वाटतं. चिठ्ठी काढून ठेवली आहे. अजून दिलेली नाही.