रात्रीच्या निरीक्षणाचे प्रामाण्य

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर रात्रभराच्या निरीक्षणाची सुरुवात सहसा लक्ष्यापासून होत नाही. ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आधी ३सी २८६ किंवा ३सी ४८ यांसारख्या, तीव्रता ठाऊक असलेल्या स्रोताकडे वळवतात. मग लक्ष्य, आणि ठरावीक वेळाने जवळच्या एखाद्या बिंदुवत स्रोताकडे फेरी, कारण आयनोस्फिअर आणि यंत्रणा यांमुळे लहरींची कला (फेज) सतत सरकते. बंद पडलेली अँटेना, वारा, व्यत्यय यांची वेळेसह नोंद होते. ही नोंद कंटाळवाणी खरी, पण तिच्यावाचून पहाटे हाती आलेली आकडेवारी मुकी राहते.

या शिस्तीत भारतीय दर्शनांतला एक जुना वाद जिवंत आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, की त्याला बाहेरचा आधार लागतो? मीमांसकांच्या मते बाधक कारण पुढे येईपर्यंत ज्ञान प्रमाणच. नैयायिक बाहेरची कसोटी मागतात, आणि दुर्बिणीवरची रात्र प्रथमदर्शनी त्यांचीच वाटते. पण मानक स्रोताची ग्वाही कोण देणार? त्याची तीव्रता दुसऱ्या दुर्बिणींनी मोजली, त्यांनाही मानक लागलेच. हा अनवस्थेचा, म्हणजे न संपणाऱ्या साखळीचा, दोष. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे: ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली, की शंका थांबते. हे उत्तर भक्कम आहे, तरी पुरते नाही. मध्यरात्री प्रत्येक मापाची अशी परीक्षा होत नाही. मानकावर विश्वास ठेवूनच काम चालते आणि जिथे व्यत्ययाची खूण दिसते, तेवढाच भाग वगळतात. इथे मीमांसकांचे म्हणणे खरे ठरते.