घोडा, घर आणि फवारा

जुनी गाडी विकायला काढली की गावातल्या निम्म्या लोकांना आपण मोटारीचे डॉक्टर असल्याचा साक्षात्कार होतो. कोल्हापुरात हे प्रमाण जरा जास्तच. उद्यमनगरच्या हवेचा परिणाम असेल, पण इथे ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही तोसुद्धा इंजिनाचा आवाज ऐकून "टायमिंग हललंय" असं निदान ठोकून देतो. गाडी बघायला गिऱ्हाईक एकटं कधीच येत नाही. सोबत पाव्हणं असतात. बैलबाजारात बैलाचे दात मोजावेत तसं पाव्हणं बॉनेट उघडायला लावतात, ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळतात, टायरला लाथ घालतात (टायरचा काय गुन्हा असतो कोण जाणे) आणि सायलेन्सरमागे उभं राहून धूर हुंगतात. पण समोरच्या काचेवर पाणी उडवायची दांडी ओढून बघणारे पाव्हणं मी आजवर एकही पाहिलेले नाहीत.

या उपकरणाला बिचाऱ्याला धड नावही नाही. वॉशर म्हणावं तर दुकानदार नळाचा वॉशर काढून देतो. आमचे मिस्त्री त्याला नुसतं 'पाणी' म्हणतात. "पाणी येत नाय" हे वाक्य कोल्हापूरकराला काही नवीन नाही म्हणा. काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नासएक किलोमीटरच्या पाइपलाइनमधून थेट शहरात यायला 2023 ची दिवाळी उजाडावी लागली. गाडीतली पाइपलाइन तर दीड-दोन मीटरची, पण अडायच्या जागा तिलाही कमी नाहीत.

माझ्या गाडीचं पाणी बंद पडलं ते नेमकं गाडी विकायच्या आठवड्यात. मिस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, "काका, गिऱ्हाईकाला सांगताय कशाला? एकतर दुरुस्त करा, नायतर गप बसा. दोन्हीतलं गप बसणं स्वस्त."

आता हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. कुणी विचारलंच नाही, तर न सांगणं म्हणजे खोटं बोलणं होतं का? मिस्त्रींना कल्पना नसेल, पण त्यांच्या बाजूने थेट बॅबिलोनचा एक तत्त्वज्ञ उभा आहे. सिसरो या रोमन वकिलाने इसवी सनापूर्वी 44 मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हा वाद आहे. एकाला घर विकायचंय. घर रोगट आहे, लाकूड कुजकं आहे आणि झोपायच्या प्रत्येक खोलीत साप निघतात, हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने ते सांगावं का? डायोजेनिस (कंदील घेऊन फिरणारा तो नव्हे, हा बॅबिलोनचा) म्हणतो, काय गरज? कायद्याने जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांगावं. दवंडी पिटून "रोगट घर विकणे आहे" असं का कुणी ओरडतं? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, छे! वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं जसं वाईट, तसंच हे. सिसरो शेवटी शिष्याच्या बाजूने गेला. गुरूचं ऐकलं असतं तर सापांची सोय झाली असती एवढंच.

आपला कायदा मात्र गुरूच्या बराच जवळ बसलेला आहे. 1872 च्या करार कायद्यात सतरावं कलम आहे आणि त्याखाली उदाहरणं दिलीत ती घोड्याची. एकाने लिलावात खोड असलेला घोडा विकला आणि तोंडातून ब्र काढला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण घोडा घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्याने सांगायला हवं. आणि गिऱ्हाईक जर म्हणालं, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा ठणठणीत समजणार," तर गप्प बसणंही बोलण्यासारखंच. एका घोड्याची ही कथा, माझ्या गाडीत तर कागदोपत्री साठ-सत्तर घोडे! शिवाय एकोणिसावं कलम म्हणतं की गिऱ्हाईकाला साध्या चौकसपणाने खरं कळण्यासारखं असेल, तर गप्प बसणाऱ्याने फसवलं म्हणून त्याला करार मोडता येत नाही. म्हणजे पाव्हण्यांनी टायरला लाथ मारण्याऐवजी हात लांब करून दांडी ओढली असती तर कळलं असतं, तेव्हा मी सुटलो.

कायद्याने सुटलो, पण गाडी घेणार होते ते एका माध्यमिक शाळेतले सर. रोज गगनबावड्याच्या रस्त्याने जाणार-येणार. तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात गगनबावड्याचं धुकं आणि दिवाळीनंतर ऊस. कुडित्र्याच्या कारखान्याकडे चाललेल्या ट्रॉल्या, शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि अंधार पडल्यावर समोरून डोळ्यांत घुसणारे दिवे. पुढच्या ट्रॉलीने काचेवर चिखलाचा सडा घातला की माणूस आपसूक वायपर लावतो. पाणी नसेल तर वायपर तो चिखल पुसत नाही, सारवतो. त्या सारवलेल्या काचेवर समोरचा झोत पडला की पुढे सगळा पांढरा पडदा. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. तीन सेकंद काही दिसलं नाही, तर सर 50 मीटर आंधळे जाणार, आणि पुढच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही.

दाराचा ओरखडा मी सांगितला नाही तरी चालेल, तो सरांना दिसतो. रेडिओला सांगली लागत नाही हे त्यांना पहिल्याच रविवारी सावकाश कळेल आणि ते मला दोन शिव्या घालतील. त्या शिव्या गाडीच्या किमतीत धरलेल्या असतात. पण काही दोष असे असतात की ते कळायची वेळ आणि सावरायची वेळ एकच असते. तिथे गिऱ्हाईकाने विचारलं की नाही, हा हिशेब मला लागू वाटत नाही. घोडेवाल्याला मुलीशी बोलावं लागतं ते ती मुलगी म्हणून. मला वाटतं, काळोखात त्या रस्त्याने जाणारा जो कुणी असेल तो तेवढ्यापुरता आपल्या घरचाच.

(धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा म्हणतात. म्हणजे त्याला चिखलाचा त्रास नव्हता. हत्तीच्या त्या अर्ध्या सत्यानंतर रथ खाली टेकला. काचेवर पाणी मारायची गरज कदाचित तेव्हापासूनचीच असेल.)

तेव्हा दुरुस्ती करायची आणि सांगायचंही, असं ठरलं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण काम हौसेनं केलं. आधी टाकी बघितली. हसू नका, बरेच रोगी इथेच बरे होतात. मग मला आत बसवून दांडी ओढायला लावली आणि स्वतः बॉनेटला कान लावला. गुंई असा आवाज आला नाही तर दुखणं विजेचं. फ्यूज बघायचा, उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा (तांब्याची तार गुंडाळायचा कोल्हापुरी उपाय गाडी पेटवू शकतो). मग मोटारीच्या पिनेला दिवा लावून बघायचा. कुणी दांडी ओढल्यावर दिवा लागला तर मोटार गेली, नाही लागला तर वायर किंवा दांडीतलं बटण. आमच्याकडे गुंई झालं. म्हणजे मोटार जिवंत आणि पाणी वाटेत अडलेलं. नळी कुठे दुमडलीय का, उंदरानं कुरतडलीय का, हे बघितलं. मग बॉनेटखालची नळी नोझलपासून उपसली आणि दांडी ओढली. पाणी भसकन मिस्त्रींच्या तोंडावर. "सापडलं!" ते आर्किमिडीजच्या आनंदात म्हणाले. नोझल चोंदलं होतं. गाडी धुणारा पोरगा बोअरचं पाणी भरायचा, त्याचा क्षार भोकात बसला होता. नोझल काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवलं, उलट्या बाजूनं हवा मारली आणि बारीक टाचणी अलगद फिरवली. जाड सुई घातली तर भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची धार होते. बसवल्यावर पहिला फवारा टपावरून जाऊन मागच्या दूधवाल्याच्या टोपीवर पडला. टाचणीनं नेम खाली आणला. पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत. "टाचणीचं काय घ्यायचं?"

रविवारी सर आले, पाव्हण्यांसह. मी सगळं सांगितलं. फवारा बंद होता, का होता, कसा उघडला, पुढे बोअरचं पाणी घालू नका. सर मान डोलवत होते. पाव्हण्यांचे डोळे मात्र बारीक होत चालले. इतकं सांगतोय त्या अर्थी काहीतरी लई मोठं लपवतोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं होतं. प्रामाणिकपणाची ही पंचाईत सिसरोनं मला सांगितली नव्हती. माझ्याने राहवेना. म्हटलं, नुसतं पाणी साठवून ठेवण्यापेक्षा त्यात काच धुवायचं औषध घाला. इंग्लंडमधल्या संशोधकांना 2010 मध्ये असं दिसलं, की औषधाशिवायच्या पाण्याचा लिजिओनेअर नावाच्या न्यूमोनियाशी संबंध असावा.

"गाडीत न्यूमोनिया हाय?" पाव्हणं म्हणाले.

"अहो, तसं नाही..."

"किती दिवस झालं?"

सरांनी मध्ये पडून विषय मिटवला आणि पाव्हण्यांना म्हणाले, "भाऊजी, तुम्हीच बघा की चालवून." भाऊजी आत बसले. इंजिन बघितलं नाही, ऑइल चोळलं नाही, टायरलाही अभय मिळालं. त्यांनी दांडी ओढली. दोन्ही फवारे झकास उडाले. पुन्हा ओढली. पुन्हा उडाले. मग ते ओढतच राहिले, वीस वेळा, तीस वेळा, कान मोटारीकडे आणि नजर माझ्याकडे. "टाकी संपेल हो, कोरडी मोटार जळते," मी ओरडत होतो. शेवटी फवारा फुसफुसला आणि थांबला.

"बघा!" पाव्हणं काचेतून बोट दाखवत म्हणाले. "बंद पडला की नाय?"

मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.