धुराची चव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटाच्या नावात लिहिताना 'एस' असतो; बोलताना तो गळतो आणि उरतं 'आयला'. तिथली लॅफ्रॉइग किंवा आर्डबेग पहिल्यांदा चाखणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडूनही बहुधा हाच शब्द निघेल. धूर, आयोडिन, दवाखान्यातलं बँडेज, खारा वारा. यात आवडण्यासारखं काय?

तरी मला आवडतं. चार थेंब पाणी घातलं की धुरामागून माल्टचा गोडवा हळूहळू पुढे येतो. हे शिकावं लागतं, पण म्हणून ती आवड खोटी ठरत नाही. कारलंही आपण शिकूनच खातो. माझा प्रश्न वेगळा आहे.

हा धूर मुळात चवीसाठी नव्हता. मोड आलेली बार्ली वाळवायला आच हवी. बेटावर झाडं कमी, म्हणून लोक पीट जाळत: दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर कापून, वाळवून. त्याच्या धुरातली फिनॉल द्रव्यं दाण्याला चिकटत. पुढे कोळसा आणि कोक आले, मुख्य भूमीवरच्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांनी धूर सोडला. आयलावर आज तो मुद्दाम राखतात, मोजतातही: आर्डबेगच्या माल्टमध्ये दहा लाख भागांत सुमारे ५५ भाग फिनॉल. कधीकाळचा नाइलाज आज चोखंदळपणा झाला. दुसऱ्याच्या नाइलाजाला रुचकर म्हणायचा मला काय अधिकार?

अनुवाद करताना हाच प्रश्न समोर येतो. आपल्याकडे धूर लागलेलं दूध म्हणजे बिघडलेलं दूध. हायवेवर मात्र 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी दिमाखात लागते. फुंकणीने फुंकून डोळे लाल झालेल्या बाईला चुलीचं कौतुक नव्हतं, तिला गॅस हवा होता. तिची बोली मी इंग्रजीत नेते, तेव्हा 'मातीचा गंध' टिकावा अशी अपेक्षा असते. तो टिकवताही येतो. पण गंध पोचला आणि डोळ्यांची चुरचुर मागेच राहिली, तर वाचकाला मिळतं ते नुसतं चवीचं वर्णन.

ग्लास खाली ठेवल्याने कुणाचे डोळे निवणार नाहीत. शिवाय आयलाच्या लोकांनी आपला धूर आपणच राखला आहे, त्यावर त्यांचं पोट आहे. आपल्या धुराला चव म्हणायचं की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यात राबलेल्यांचा. चाखणाऱ्याकडे उरतो तो हिशेब. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर साचतं. लॅगाव्हुलिन १६ वर्षं पिंपात मुरते, तेवढ्यात दलदल जेमतेम बोटाच्या एका पेराइतकी वाढते. लेबलावर वर्षं छापलेली असतात. ते पेर ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं.