उन्हाला थांबवताना

सायनोटाइप शिकायला येणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: कॅमेऱ्याशिवाय, शाईशिवाय कागदावर चित्र उमटतं कसं? कार्यशाळेच्या पहिल्या तासाभरात त्याचं उत्तर मिळून जातं. दोन रसायनं पाण्यात विरघळवायची, ती एकत्र करून कागदावर लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर पान किंवा निगेटिव्ह ठेवून तो उन्हात धरायचा आणि मग पाण्याने धुवायचा. झाकलेला भाग पांढरा राहतो, उघडा भाग गडद निळा होतो. हात चालू लागला की मात्र लक्षात येतं, चित्र उमटवण्यासाठी आपल्याला फारसं काही करावंच लागत नाही. ते काम ऊन आपणहून करतं आणि करतच राहतं. आपलं काम त्याला थांबवण्याचं. कुठे थांबवायचं, केव्हा थांबवायचं आणि एकदा थांबवलेलं पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काय करायचं, या तीन गोष्टी उमगल्या की सायनोटाइप उमगला.

थांबवण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला घरातली हळद पुरते. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदाला लावली, वर पान ठेवलं आणि कागद बराच वेळ उन्हात राहू दिला, तर भोवतालचा पिवळा रंग फिका पडतो आणि पानाखालचा तसाच राहतो. चित्र सुरेख येतं. पण ते बघायला उजेडात आणलं की तोच उजेड उरलेली हळदही हळूहळू उडवू लागतो. चित्र तयार झालं, थांबलं मात्र नाही.

छायाचित्रणाच्या जन्मापूर्वी माणसं नेमकी इथेच अडली होती. टॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी 1802 मध्ये सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि चामड्यावर आकृती उमटवल्याचं प्रसिद्ध केलं. त्या आकृती त्यांना टिकवता आल्या नाहीत. मंद उजेडात पाहून पुन्हा अंधारात ठेवाव्या लागत. यावरचा उपाय इंग्लंडमधल्या जॉन हर्शेल यांच्याकडे होता. हायपो या रसायनाच्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात, हे त्यांनी 1819 मध्येच नोंदवलं होतं. जानेवारी 1839 मध्ये डागेर यांच्या छायाचित्रणाच्या शोधाची वार्ता कानावर आली, आणि काही दिवसांतच त्यांनी तोच हायपो वापरून चित्र पक्कं करून पाहिलं. पुढे 1842 मध्ये लोहाच्या क्षारांवर प्रयोग करताना त्यांना सायनोटाइप गवसला. तो पक्का करायला हायपोचीही गरज नव्हती, नुसतं पाणी पुरत होतं.

पाणी पुरतं, यामागे साधं कारण आहे. सायनोटाइपमध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार लागतात. प्रचलित कृतीत पहिल्याचे 25 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात आणि दुसऱ्याचे 10 ग्रॅम वेगळ्या 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवतात, आणि कागदाला लावायच्या वेळी दोन्ही द्रावणं समप्रमाणात मिसळतात. उन्हातले अतिनील किरण पहिल्या क्षारातल्या फेरिक लोहाचं फेरस लोह करतात. हे फेरस लोह फेरिसायनाइडशी संयोग पावतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून रंगारी वापरत आले तोच निळा. मूळचे दोन्ही क्षार पाण्यात सहज विरघळतात, हा निळा विरघळत नाही. म्हणजे ऊन लागलेलं अविद्राव्य झालं आणि न लागलेलं विद्राव्यच राहिलं. आता कागद पाण्यात सोडला की जायचं ते जातं, राहायचं ते राहतं. निवड उन्हाने आधीच करून ठेवलेली असते.

पहिलं थांबवणं जागेचं, म्हणजे उन्हाला अडवण्याचं. नवखे विद्यार्थी जास्वंदीसारखं भरदार पान उचलतात आणि नुसता बाह्याकार हाती आला की खट्टू होतात. जाड पान सगळंच ऊन अडवतं, त्यामुळे आत काही दिसायला उरत नाही. जाळी पडलेलं पिंपळपान ठेवून पाहावं. शिरा उजेड अडवतात, मधल्या जागा तो सोडतात, आणि शिरेपासून उपशिरेपर्यंतची सगळी रचना पांढऱ्या रेषांत उतरते. पातळ पाकळी थोडंच ऊन अडवते, म्हणून तिच्याखाली फिकट निळा येतो. वस्तू कागदाला चिकटून असली तर कड रेखीव येते. जरा वर उचललेली असेल, तर तिरपं ऊन खाली शिरतं आणि कड विरते. वर काच दाबून चिमटे लावायचे ते यासाठी. अडवण्याचे इतके प्रकार असतात, आणि चित्रातली प्रत्येक छटा त्यांतूनच येते.

ब्रिटिश वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी हे फार लवकर ओळखलं. हर्शेल त्यांच्या ओळखीतले. सायनोटाइप प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर 1843 मध्ये, त्यांनी ब्रिटिश शेवाळांवरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग काढला आणि 1853 पर्यंत त्याचे पुढचे भाग येत राहिले. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून तो ओळखला जातो. त्यात कॅमेरा कुठेच नाही. समुद्री शेवाळ कागदावर ठेवून प्रत्येक प्रतीचं प्रत्येक पान उन्हात छापलेलं आहे. या पद्धतीला शेवाळाइतका योग्य विषय क्वचितच सापडेल. ते पातळ, अर्धपारदर्शक आणि सपाट पसरणारं. जिथे त्याचा एक पदर दुसऱ्यावर येतो तिथे निळा फिका होतो, आणि सपाट छापातही खोली दिसते. सायनोटाइप शिकणाऱ्याने ही पानं जरूर पाहावीत. काय अडवावं, याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरं थांबवणं वेळेचं, आणि सगळ्यात अवघड हेच. उन्हात ठेवलेला कागद डोळ्यांदेखत बदलत जातो. पिवळसर हिरवा असतो तो निळसर होतो, मग गडद होतो, आणि त्यानंतर उघड्या जागी राखाडी, कांस्याची झाक असलेला मळकट रंग येऊ लागतो. शिकणाऱ्याला निळा दिसला की पुरे वाटतं आणि तो कागद उचलतो. धुताना त्यातला बराचसा निळा वाहून जातो आणि हाती फिकट ठसा राहतो. जिलबीचा पाक आचेवरून उतरवल्यावरही घट्ट होत जातो, म्हणून तो थोडा आधी उतरवतात. इथे उलटं, पाण्यात काही रंग जाणारच म्हणून थोडं पुढे जाऊन थांबायचं. उघडा भाग राखाडी झालेला दिसला, की वेळ जवळ आली असं समजायचं.

नेमकी किती मिनिटं, याचं उत्तर छापील कृतीत असू शकत नाही. वैशाखातल्या दुपारी काही मिनिटांत होणारं काम श्रावणातल्या ढगाळ दिवशी कितीतरी लांबतं. द्रावणाचा थर, कागदाची खळ, निगेटिव्हची गडदता, हवेतला दमटपणा, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून आधी चाचणीची पट्टी करायची. द्रावण लावलेल्या कागदाची पट्टी उन्हात ठेवून दर दोन मिनिटांनी तिचा एकेक भाग पुठ्ठ्याने झाकत जायचा. धुऊन वाळवल्यावर त्या दिवसाचं, त्या कागदाचं ऊन पायरी-पायरीने समोर येतं. उन्हात असताना कुठली पायरी कशी दिसत होती आणि धुतल्यावर ती कशी झाली, हे ताडून पाहणं म्हणजेच डोळा तयार करणं.

तिसरं थांबवणं पाण्याचं. कागद पाण्यात गेला की पिवळट हिरवं द्रव्य सुटू लागतं. पाणी बदलत राहायचं आणि पांढरे भाग पूर्ण स्वच्छ होईपर्यंत धुवायचं. पिवळेपणा मागे राहिला तर उजेडात तोही निळा होणार, म्हणजे ऊन थांबलंच नाही. पाणीही कसं आहे ते पाहावं लागतं, कारण प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकावं. धुतल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने निळा पुढचा दिवसभर गडद होत जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थेंब टाकलेल्या पाण्यात तोच बदल क्षणात होतो.

इतकं करूनही हे थांबणं कायमचं नसतं. इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे पूर्वी याच पद्धतीने निळ्यावर पांढऱ्या रेषांत निघत. छापून झालेल्या ब्लूप्रिंटवर नवी पांढरी रेघ ओढायची तर सोड्याचं द्रावण वापरत, कारण ते निळा रंग उडवतं. सायनोटाइप साबणाने धुऊ नये, तो अल्कधर्मी कागदांत ठेवू नये, ही पथ्यं त्यातूनच आली. प्रखर उजेडात बराच काळ टांगलेला सायनोटाइप फिका पडतो, पण अंधारात ठेवला तर हवेच्या साहाय्याने त्याचा गेलेला निळा बराचसा परत येतो. म्हणजे तिसरं थांबवणं पाण्याच्या ट्रेमध्ये संपत नाही. चित्र जवळ बाळगणाऱ्याला ते सांभाळून ठेवत राहावं लागतं.

म्हणूनच कार्यशाळा कशी असावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. पुष्कळदा शिकणाऱ्याच्या हाती आधीच द्रावण लावलेला कागद येतो, किती वेळ ठेवायचा ते शिकवणारा सांगतो, धुणंही तोच उरकतो, आणि प्रत्येक जण सुंदर निळं चित्र घेऊन घरी जातो. आनंद होतो, यात शंका नाही. पण मग तिन्ही थांबवणी दुसऱ्याने केलेली असतात. त्यापेक्षा चित्रं कमी होऊ द्यावीत. प्रत्येकाने स्वतःची पट्टी करावी, कागद उचलण्याचा क्षण स्वतः ठरवावा आणि पांढरा खरोखर पांढरा झाला का, हे स्वतः पाण्यात वाकून पाहावं. महाराष्ट्रातल्या शाळांनाही हे सहज जमेल. ऊन मुबलक आहे, लागणारं सामान मोजकं आहे, आणि विद्राव्य-अविद्राव्य, फेरिक-फेरस हे पाठ्यपुस्तकातले शब्द इथे मुलांच्या हातात रंग बदलतात. असं शिकलेल्याला दुसऱ्या गावात, वेगळ्या ऋतूत, अनोळखी कागदावर काम करायची वेळ आली, तरी शिकवणाऱ्याची वाट पाहावी लागणार नाही. तो आधी पट्टी करेल आणि तिथलं ऊन कुठे थांबवायचं ते स्वतःच ठरवेल.