रक्ताचा भेद आणि अभेद

एकादशीचे कीर्तन आटोपले. बुक्का लावून मंडळी निघाली, पण एक माळकरी मागे रेंगाळले. म्हणाले, "बुवा, सर्वांच्या ठायी देव एकच, असे तुम्ही सांगता. मग माझे रक्त माझ्या सख्ख्या भावाला का चालले नाही? माझा गट 'ए', त्याचा 'बी'. रक्तपेढीतली कुणा परक्याची बाटली मात्र चालली. आमच्या नात्यातच काही खोट आहे का?"

प्रश्न पोटातून आला होता. नुसता दृष्टान्त सांगून भागणार नव्हते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले. तांबड्या पेशींवर कुणाच्या 'ए' ही खूण, कुणाच्या 'बी', कुणाच्या दोन्ही. 'ओ' गटात दोन्ही नाहीत. जी खूण आपल्यात नाही, तिच्याशी झुंजणारे द्रव्य आपल्या रक्तात असते. न जुळणारे रक्त चढवले, तर दिलेल्या पेशी फुटतात आणि रोगी दगावू शकतो. पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ गट नोंदवला. त्याला 'बॉम्बे' म्हणतात. वरवरच्या तपासणीत तो 'ओ'च वाटतो. पण त्या माणसाला 'ओ'चे रक्तही चालत नाही, त्याच गटाचे लागते.

तेव्हा 'सारे एकच' म्हणून न तपासता रक्त देणे हे अद्वैत नव्हे, तो घात होय. भेद ओळखणे हा विवेक आहे. भेदावरून उच्चनीच ठरवणे हे पाप आहे. आणि हा भेद तरी कसा? तो जात विचारत नाही, कुळ विचारत नाही. सख्ख्या भावांत असतो, आणि दूरच्या दोन अनोळखी माणसांत नसतो. आम्ही त्यांना विचारले, "ती बाटली कोणत्या जातीच्या माणसाची होती?" ते म्हणाले, "कुणी विचारलेच नाही, बुवा."

मग आम्ही म्हणालो, "बाबा, खोट कुठेच नाही. एका परक्याने तुमचा भाऊ राखला. तुमचे रक्त त्याला चालले नाही, तरी दुसऱ्या कुणाच्या भावाला चालेल. ते रक्तपेढीत देऊन या. कुणाला गेले हे तुम्हांला कळणार नाही, त्यालाही कळणार नाही. जाणणारा एक पांडुरंग!"

त्यांनी मान डोलावली. आम्हांसही त्या दिवशी अभेदाचा अर्थ थोडा अधिक कळला.

रामकृष्णहरि!