मण्यार, कवड्या आणि भगताचा हिशेब

मण्यार आणि कवड्या हे दोन साप शेजारी शेजारी ठेवले, तरी अनेकांना त्यांतला फरक सांगता येत नाही. दोघेही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्री घरात शिरणारे. मण्यारीचे पट्टे बारीक, जोडीजोडीने आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेकडे रुंद, शेपटीकडे पुसट. पहिली अतिशय जहाल, दुसरा बिनविषारी. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या एखाद्या ठाकरवाडीत किंवा कातकरवाडीत, भर पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, जमिनीवर झोपलेल्या माणसाला यांतला एक चावला, तर कोणता चावला हे कोण सांगणार? घरचे ‘मण्यार डसली’ म्हणून त्याला भगताकडे नेतात. कवड्या असेल, तर भगताने काहीही केलं किंवा काहीच केलं नाही, तरी सकाळी तो माणूस उठून आवणीला जाणार. आणि पंचक्रोशीत बोलबाला होणार की भगताने मण्यारीचं विष उतरवलं.

भगताचं सगळं भांडवल इथे आहे. भारतात सापांच्या सुमारे तीनशे जाती. त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी. माणसं मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. तेही चावले की दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे काहीही न करता बरे होणारे रुग्ण भगताच्या ओट्यावर आयते येतात. उरलेल्यांतला कुणी दगावला, तर उत्तरं तयार असतात: उशिरा आणलं, पथ्य मोडलं, त्याची वेळच भरली होती. जगलेला माणूस मंत्राच्या नावावर जमा होतो. मेलेला मात्र कुणाच्याच खाती पडत नाही. यात लबाडी असायलाच हवी असं नाही. भगत स्वतःही मनापासून फसलेला असू शकतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

त्याच्याकडे परीक्षाही असते. कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा; कडू लागला नाही, तर विष चढलं. भीतीने तोंडाला कोरड पडलेल्या माणसाच्या जिभेवर हा निकाल सोपवलेला. सरकारी दवाखान्यातही एक साधी परीक्षा आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने ते गोठणं थांबलं आहे, प्रतिविष द्यायला हवं. मण्यार आणि नाग नसांवर घाव घालतात. त्यांच्याबाबत ही नळी काही सांगत नाही, तिथे मिटू लागलेल्या पापण्या आणि श्वास पाहावा लागतो. नळीची ही मर्यादाही वैद्यकशास्त्रच सांगतं. लिंबाचा पाला कुठे चुकतो, हे सांगणारा भगत कुठे आहे?

याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं मरत होती. त्यांनी रुग्णामागून रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी ठेवल्या, मेलेल्यांच्यासुद्धा. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणं छापली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. एवढ्यावर थांबले असते, तरी लोकांनी त्यांना देव मानलंच असतं. पण डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्राझोसिनलाच परीक्षेला बसवलं. नुसतं प्राझोसिन एका गटाला, सोबत विंचवाचं प्रतिविष दुसऱ्या गटाला. दुसरा गट लवकर बरा झाला, आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ते स्वतःच छापलं. ज्या औषधाने नाव झालं, तेच एकटं कमी पडतं हे जाहीरपणे मांडायचं, याला विज्ञान म्हणतात. शाळेत मात्र आपण विज्ञान म्हणून व्याख्या पाठ करतो.

आणि शिकलेल्यांनी वाडीवरच्या माणसाला हसू नये. कर्जतच्या आसपास डोंगरउतारावर फार्महाऊस उभी राहताहेत. मालक मुंबईचे, पुण्याचे, कित्येक इंजिनीयर. बोअर मारायची वेळ आली की हेच पाणाड्याला बोलावतात, तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथे यंत्र लावतात. इतक्या पावसाच्या मुलखात कातळाच्या भेगांत कुठेतरी पाणी लागतंच. कोरडी गेलेली बोअर कुणी जेवणावळीत सांगत नाही. १९९० साली जर्मनीत कासेल इथे तीस पाणाड्यांची चाचणी झाली: जमिनीखालच्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणेफेकीहून सरस निघाला नाही. वाडीत मध्यरात्री दुसरा मार्गच नसतो, म्हणून माणूस भगताकडे जातो. फार्महाऊसवाल्याच्या खिशात भूवैज्ञानिकाला द्यायला पैसे असतात. यांतला अधिक दोषी कोण, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा हवाच होता. पण भगताला तुरुंगात टाकल्याने डोंगरावरून झोळीत उतरवलेल्या माणसाला खाली गाडी मिळत नाही. भगत अर्ध्या रात्री दार उघडतो, नावाने हाक मारतो, केसपेपर मागत नाही. दवाखान्यात ‘आधी का नाही आलात?’ म्हणून खेकसलं जातं, मग पुढच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी हातात पडते. अशा वागणुकीने विज्ञानाची जितकी बदनामी होते, तितकी दहा बुवांनाही जमत नाही.

भगताला शत्रू करण्यापेक्षा त्याच्याकडून एकच कबूल करून घ्यावं: अंगारा लावायचा तर लाव, पण त्याआधी १०८ ला फोन कर आणि गाडी येईपर्यंत माणसाला चालवू नकोस. काही सुधारकांना ही तडजोड वाटेल. मरणाच्या दारातल्या माणसापुढे मला ती चालते.

उरलं काम गावकऱ्यांचं आहे. प्रतिविषाची सुरुवातच आठ ते दहा कुप्यांनी होते. मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. दोन कुप्या कपाटात असणं म्हणजे जवळपास काहीच नसणं. तेव्हा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत रस्ता, गटार, समाजमंदिर हे विषय निघतील, त्यांच्या आधी एका बाईने उठून विचारावं: आपल्या आरोग्य केंद्रात आज सर्पदंशाच्या किती कुप्या आहेत, आणि रात्री त्या कपाटाची चावी कुणाकडे असते?