भूमी आणि शेजारधर्म

गृहस्थाने वास्तव्यासाठी भूमी निवडावी ती मृत्तिका पाहून की शेजार पाहून, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा भासला तरी मूलतः धर्माचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातील आमिश या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबे, सक्तीच्या शालेय शिक्षणावरून सरकारशी मतभेद झाल्याने, १९४० साली मेरीलँड राज्याच्या सेंट मेरीज परगण्यात जाऊन वसली ती समूहानेच. कारण ज्यांची उपासना आळीपाळीने घरोघरी भरते आणि ज्यांचे जाणेयेणे घोडागाडीने होते, त्यांना एकाकी सुपीक रानही ओसाडच. मोक्षाची वाट एकट्याने चालता येईल, संस्कारांची येणार नाही. म्हणून परराज्यात खेडे शोधणाऱ्याने दस्तऐवजांची व पाण्याची चौकशी अवश्य करावी. परंतु तत्पूर्वी, दुखण्याखुपण्यात आपण कोणाच्या दाराशी धावून जाणार आहोत, याचा निर्णय करावा.